शिवून झालेल्या गोधडीची पहिली धुलाई

गोटाचा शेवटचा टाका मारून दोरा तोडला की बघणारे म्हणतात, झाली गोधडी. माझ्या लेखी ती तेव्हा अर्धीच झालेली असते. तिच्यात अजून कापडाची खळ असते, आखणीच्या पेनाची शाई असते, इतके दिवस हाताळल्याचा मळ असतो. आणि मुख्य म्हणजे वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर हे तीन थर नुसते एकमेकांना शिवलेले असतात. ते एकजीव होतात ते पाण्यातून एकत्र निघाल्यावरच.

म्हणून भेट द्यायची गोधडी मी न धुता देत नाही. नवीकोरी दिसावी म्हणून तशीच द्यावी असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि न धुतलेल्या गोधडीची ती सपाट, ताठ घडी सुरेख दिसते हे मलाही मान्य आहे. पण पहिल्या पाण्यात काय होईल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो धोका घेणाऱ्याच्या गळ्यात का घालायचा? लाल रंग पांढऱ्यात उतरला तर ती व्यक्ती स्वतःलाच दोष देत बसते आणि पुढे ती गोधडी कपाटातून बाहेरच येत नाही. कुठलं कापड कुठे लावलंय, टाके किती अंतरावर आहेत, कुठली शिवण नाजूक आहे हे शिवणाऱ्याला ठाऊक असतं. पाण्याची परीक्षाही त्याच्याच डोळ्यांदेखत व्हावी.

यावेळची गोधडी मैत्रिणीच्या लेकीसाठी होती. ६० इंच रुंद, ८० इंच लांब. पांढऱ्याशुभ्र सुती कापडावर तुकडे जोडून केलेल्या लाल चांदण्या, चारी बाजूंनी निळीत, म्हणजे इंडिगोत, रंगवलेल्या कापडाची रुंद पट्टी. मधे शुद्ध कापसाचं बॅटिंग, म्हणजे भरणीचा तयार थर, आणि सगळे धावदोरे हाताने घातलेले. लाल, नीळ आणि पांढरं असे तिघे एकाच गोधडीत आले की धुताना सगळं लक्ष तिथेच द्यावं लागतं.

शिवण्याआधी मी कापडं धुतली नव्हती, आणि ते ठरवूनच. खळ असलेलं कापड कापताना सरकत नाही, कोपरे नेमके जुळतात. शिवाय सगळे थर शिवल्यानंतर एकदमच आटले की गोधडीवर त्या बारीक चुण्या पडतात, ज्यांच्यासाठी मी सुती बॅटिंग वापरते. माझा नियम एकच: एका गोधडीतली सगळी कापडं धुतलेली तरी घ्यायची किंवा सगळी कोरी तरी. अर्धी धुतलेली, अर्धी कोरी असली की पहिल्या पाण्यानंतर एक तुकडा ओढला जातो, शेजारचा फुगतो, आणि तो फुगवटा मग इस्त्रीनेही बसत नाही.

कापड न धुता शिवायचं, तर प्रत्येक कापडाची एक चिंधी मात्र बाजूला ठेवायची. ती मी ठेवतेच. काचेच्या पेल्यात कडकडीत गरम पाणी, त्यात साबणाचा थेंब, आणि लाल चिंधीसोबत पांढऱ्या कापडाची एक चिंधी. अर्ध्या तासाने पेल्यातलं पाणी स्पष्ट गुलाबी झालं होतं. पांढरी चिंधी बाहेर काढून धुतली, तर ती पांढरीच. मग दुसरी परीक्षा केली. ओली लाल चिंधी पांढऱ्या कापडावर ठेवून तशीच वाळू दिली. उचलल्यावर तिच्या कडेने गुलाबी रेघ उमटली होती. या दोन चिंध्यांनी धुण्याची सगळी रीत सांगितली. पाणी रंगणं आणि कापड रंगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुटलेला रंग भरपूर साबणाच्या पाण्यात तरंगत राहिला तर तो पाण्याबरोबर निघून जातो. ओलं कापड ओल्या कापडाला चिकटून पडून राहिलं की तोच रंग शेजारी सरकतो आणि वाळताना तिथे मुक्काम करतो.

निळीचं वेगळं असतं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. रंगवताना तिला तेवढ्यापुरतं विरघळणारं रूप द्यावं लागतं, आणि हवा लागली की ती पुन्हा मूळ रूपात येऊन धाग्यात अडकून बसते. त्यामुळे ती पाण्यात जाते त्याहून जास्त घासल्याने सुटते. कोरड्या पांढऱ्या कापडाने पट्टी चोळून पाहिली तर फिकट निळी छटा आलीच. म्हणजे लालसाठी भरपूर पाणी आणि निळीसाठी कमीत कमी चोळाचोळ.

इथे मिठाबद्दल आणि व्हिनेगरबद्दल बोलायलाच हवं, कारण कच्चा रंग म्हटलं की पहिला सल्ला तोच मिळतो. मीठ रंगवण्याच्या वेळी खरोखर कामाचं असतं. पाण्यात सुती धागा आणि रंगाचे कण, दोघांवरही ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मिठाने ते ढकलणं कमी होतं आणि रंग धाग्याकडे जातो. पण ते रंगाला धाग्याशी कायमचं बांधत नाही. तयार कापड मिठाच्या पाण्यात बुडवलं तर रंग त्या पाण्यात कमी उतरतो एवढंच, पुढच्या साध्या पाण्यात तो उतरायचाच. व्हिनेगर लागतं ते लोकर आणि रेशमाच्या ॲसिड रंगांना, रंगवतानाच. कापसावर त्याचा रंग पक्का करण्याच्या दृष्टीने काही उपयोग नाही. सुती कापडासाठी आज सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले; ते धाग्याशी रासायनिक बंध करतात आणि तो बंध चांगला टिकतो. आपल्याला छळतो तो बंध न झालेला, नुसता अडकून राहिलेला उरलासुरला रंग. तो आत दाबून ठेवण्यात काय अर्थ? तो बाहेरच काढायचा, आणि त्यासाठी लागतं गरम पाणी. थंड पाण्यात तो हळूहळू, धुलाईमागून धुलाई सुटत राहतो.

ठरलं तर, गरम पाणी. पण त्यात एक अडचण होती. टाक्यांची नक्षी मी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने आखली होती. त्या शाईला उष्णता किंवा साबण आधी लागला तर ती जायच्याऐवजी पक्की होते, कधी तपकिरी होऊन बसते. तिला हवं साधं थंड पाणी, भरपूर आणि सगळ्यात आधी. म्हणजे रंगासाठी गरम, शाईसाठी थंड, आणि थंडची पाळी पहिली.

पाण्यात घालण्याआधी गोधडी खिडकीला धरून उजेडात पूर्ण पाहिली. पांढऱ्याच्या मागे लाल दोऱ्याची लोंबती टोकं असली तर वरून सावलीसारखी दिसतात. अशी दोन-चार सापडली, ती सुईने शिवणीतून बाहेर ओढून कापली. गोटाच्या चारही कोपऱ्यांत बोट घालून टाके ओढून पाहिले. सगळ्या अंगावरून तळहात फिरवला, कारण एखादी टाचणी आत राहिली तर ती ओल्यात गंजते आणि गंजाचा डाग निघता निघत नाही. मग टेपने मापं घेऊन ठेवली: रुंदी तीन ठिकाणी, लांबी तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण.

मशीनमध्ये घालायचं का? पाव इंचाच्या शिवणी, मशीनचे टाके आणि चांगलं घट्ट बॅटिंग असेल तर मी समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये, नाजूक कपड्यांच्या चक्रावर निःशंक धुते. वरून उघडणारं, मधे घुसळणारा खांब असलेलं मशीन मात्र हाताच्या टाक्यांना जाचक. पण या गोधडीच्या बाबतीत मशीन आवडलं नाही ते वेगळ्याच कारणाने. समोरच्या दाराचं मशीन पाणी कमी घेतं, आणि मला पाणी मुबलक हवं होतं. म्हणून मोठा टब.

टबात थंड पाणी भरलं, गोधडी सैल घड्या घालत आत सोडली आणि तळव्यांनी दाबत गेले. कापसात हवा अडकलेली असते, त्यामुळे मधला भाग फुगून वर येतो. तो हळूहळू दाबून बुडवावा लागतो. निळ्या रेघा बघता बघता गेल्या. यावर लगेच विश्वास ठेवू नये. शाई बरेचदा नुसती वरच्या कापडातून कापसात उतरलेली असते आणि वाळताना ओलाव्याबरोबर पुन्हा वर येते. म्हणून पाणी सोडून दिलं, पुन्हा ताजं थंड पाणी घेतलं, गोधडी हलवत राहिले. थंड पाण्यातही लाल किंचित सुटतच होता, पण हलत्या पाण्यात तो कुठे टेकत नाही. या टप्प्यावर तिला भिजत ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही, एवढं पाळायचं.

त्यानंतर गरम पाणी. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उघड्या हाताला सोसणार नाही इतकं. जाड रबरी हातमोजे घातले आणि ढवळायला गुळगुळीत लाकडी दांडा घेतला. पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण अर्धी वाटी टाकला. इतका साबण मळासाठी लागत नाही. साबणातले कण सुटलेल्या रंगाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतात, परत कापडावर बसू देत नाहीत. साबणाचं इथलं खरं काम ते. गोधडी पूर्ण बुडालेली हवी. एखादा कोपरा पाण्याबाहेर राहिला की तो वाळू लागतो, खालचं रंगीत पाणी शोषून वर खेचतो आणि डाग नेमका तिथेच पडतो. बादलीत कोंबून भिजवलेल्या गोधड्यांना डाग पडतात ते याचमुळे.

रात्रभर ती तशीच राहिली, पाणी आपोआप निवत गेलं. सकाळी टबाकडे पाहिलं तर पाणी चांगलंच गुलाबी. पहिल्यांदा हे बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. पण गुलाबी पाणी ही चांगली खूण आहे. जो रंग पुढे कधीतरी त्रास देणार होता तो आत्ता गोधडीबाहेर आहे. काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरलं, रंग किती गडद आहे ते पाहिलं. टब रिकामा केला, पुन्हा तेवढंच गरम पाणी, पुन्हा साबण. पेल्यातलं पाणी कागदापुढे रंगहीन दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. प्रत्येक वेळी ते फिकट होत गेलं. पांढऱ्या चौकोनांत लालच्या कडेला सुरुवातीला एके ठिकाणी पुसट गुलाबी झाक आली होती, तीही पुढच्या भिजवणीत निघून गेली. ओलं असेपर्यंत अशी झाक परत काढता येते. इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता लागली की मग काम फार अवघड होतं, म्हणून खात्री होईस्तोवर वाळवायची घाई करायची नाही.

गरम पाण्याचा हा उपाय सुती कापड आणि सुती किंवा पॉलिएस्टर बॅटिंगसाठीच आहे, हे ठळकपणे सांगते. मधे लोकर असेल तर चुकूनही करू नका. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. उष्णता आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा, म्हणजे आटून घट्ट झालेला जाड थर, होतो. रेशमी तुकडे असतील तरी थंड पाणी आणि सौम्य, एन्झाइम नसलेला साबण, कारण प्रथिनं तोडणारे एन्झाइम रेशीम आणि लोकर दोन्हींना खातात. ब्लीच कुठल्याच गोधडीला नको. कपडे मऊ करणारं द्रावणही मी घालत नाही. ते धाग्यांवर थर चढवतं, आणि सुती गोधडी पाण्यानेच पुरेशी मऊ होते.

खळबळून साबण काढायला मात्र वेळ लागला. तीन थरांतून साबण निघता निघत नाही. तळव्याने दाबलं की फेस येतो, पाणी बदललं की वाटतं संपला, पुन्हा दाबलं की पुन्हा फेस. कंटाळून सोडावंसं वाटतं तिथे सोडू नये. आत राहिलेला साबण वाळल्यावर कडक वाटतो आणि धूळ धरतो.

यापुढचं काम जोखमीचं. कोरडी असताना दीड-पावणेदोन किलोची ही गोधडी पाण्यातून काढताना चार-पाच किलोंच्या पुढे जाते. एका कडेला धरून उचलली तर सगळं वजन त्या कडेच्या टाक्यांवर येतं आणि हाताचा धावदोरा तटातट तुटतो. ओल्या गोधडीचं बहुतेक नुकसान असंच होतं. मी आधी टबातलं पाणी सोडून दिलं, गोधडी तिथेच दाबून निथळू दिली, मग तिच्याखाली जुनी चादर सरकवली आणि चादरीची चार टोकं धरून दोघांनी मिळून उचलली. पिळायची तर अजिबात नाही. मशीनच्या ड्रममध्ये सगळीकडून सारखी पसरवून कमी वेगावर फिरवली. पिळण्यात दोरा मुरगळला जातो. ड्रम फिरताना गोधडी नुसती भिंतीला दाबली जाते आणि पाणी छिद्रांतून बाहेर पडतं. ड्रम थांबल्यावर क्षणभरही आत ठेवली नाही. ओली, दाबलेली, स्थिर गोधडी म्हणजे रंग सरकायला आयती सोय.

वाळवायला सावलीत जमिनीवर कोरडी चादर अंथरली आणि तीवर गोधडी पसरली. आता टेप पुन्हा बाहेर. ओली गोधडी हाताला वळते, म्हणून तिचा आकार सरळ करायची हीच वेळ. दोन्ही कर्ण मापले, एक दुसऱ्यापेक्षा इंचभर जास्त होता. लांब कर्णाच्या दोन टोकांकडून मधे हलकेच ढकलत आणले, काठ तळहाताने थोपटून सरळ केले, चांदण्यांची टोकं बोटांनी जुळवली. दोन्ही कर्ण सारखे झाले की आयत नेमका झाला. ताणून मोठी करायचा मोह आवरायचा. ताणलेला भाग पुढच्या धुलाईत परत येतो आणि काठ लाटांसारखे होतात. वर दुसरी पातळ चादर टाकली, पंखा लावला, आणि मधूनमधून खालची ओली चादर बदलून गोधडी उलटली. दोरीवर घालायचीच असेल तर एका दोरीवर नको, शेजारच्या तीन-चार दोऱ्यांवर आडवी पसरून, म्हणजे वजन वाटलं जातं. भर उन्हात मी घालत नाही. ऊन रंग खातं, आणि ओल्यात जास्तच.

वरून कोरडी लागली तरी मधला कापूस ओला असतो. तळहाताला ते कळत नाही; मी मधला भाग गालाला लावून बघते. गार लागलं की ओल आहे. अशी दमट घडी करून ठेवली तर कुबट वास धरतो आणि मग बुरशीचे ठिपके, जे कशानेच जात नाहीत.

पूर्ण वाळल्यावर मापं घेतली. ६० चे साडेसत्तावन्न आणि ८० चे ७७ इंच झाले होते, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास आटली. विणताना आणि तयार होताना सूत ताणलेलं असतं. पाण्यात धागे फुगतात, तो ताण सुटतो आणि कापड आखडतं. सुती बॅटिंगही ३ ते ५ टक्के आटतं. टाक्यांनी सगळे थर ठिकठिकाणी धरून ठेवलेले, त्यामुळे टाक्यांमधलं कापड वर उचललं गेलं आणि प्रत्येक चांदणीभोवती बारीक चुण्या उमटल्या. शिवताना जी नक्षी नुसती रेघ होती तिला उजेड-सावली मिळाली. टाक्यांत कुठे उन्नीस-बीस झालं असेल तर तेही या चुण्यांत मिसळून जातं. पोत पार बदलला होता. आधी ती उचलली की पुठ्ठ्यासारखी सरळ राहायची, आता हातावर पडली की दोन्हीकडून लोंबू लागली. हे ज्यांना नको असेल, भिंतीवर लावायची सपाट गोधडी हवी असेल, त्यांनी पॉलिएस्टर बॅटिंग वापरावं. ते जवळजवळ आटतच नाही.

थोडं सुईकाम निघालंच. एका चांदणीच्या टोकाशी शिवण उसवली होती, तिथे दोन्ही घड्यांच्या आतून सुई फिरवत टाके घातले, वरून दिसत नाहीत. निळीच्या पट्टीवर कापसाचे पांढरे तंतू वर आले होते. ते ओढायचे नाहीत. एक ओढला की त्याच्यामागे दुसरा येतो. वर आलेलं टोक कात्रीने कापडालगत कापून बाकीचं सुईने आत ढकललं. निळीची पट्टी पांढऱ्या रुमालाने पुन्हा चोळून पाहिली, छटा अजून किंचित येत होती. पूर्ण जाणार नाही, ती निळीची जातच आहे.

हे सगळं मैत्रिणीला तोंडी सांगून लक्षात राहत नाही, म्हणून अस्तराच्या कोपऱ्यात सुती फितीचा तुकडा शिवला आणि त्यावर कापडी पेनाने लिहिलं: पहिली धुलाई झाली आहे. पुढे थंड पाणी, सौम्य साबण, एकटीच धुवा, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. गोधडीसोबत रंग पकडणाऱ्या कागदांचं पाकीटही दिलं. निळीसाठी पहिल्या काही धुलायांत एकेक कागद पाण्यात टाकला की बस. आणि मैत्रिणीला एक गोष्ट समोर बसवून सांगितली, जी फितीवर मावत नव्हती: ती रोज वापर, पोर तिच्यावर लोळू दे, मळली की धू.